फंक्शनल मेडिसिन करताय? निदान, डोस, संमती आणि नोंदींतल्या या चुका टाळा

फंक्शनल मेडिसिन, म्हणजे आहार, जीवनशैली आणि सप्लिमेंटमधून आजाराच्या मूळ कारणावर काम करण्याची पद्धत, वापरणाऱ्या डॉक्टरविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार गेली, की विचारले जाणारे प्रश्न साधेच असतात. निदान काय होतं? ते कशावरून केलं? रुग्णाला कोणकोणते पर्याय सांगितले? डोस किती दिला, किती दिवसांसाठी? पुढची तपासणी कधी ठरली होती? आणि हे सगळं केसपेपरवर कुठे आहे? सर्जनला जे लागू तेच इथे लागू. परिषदेने वेगळी, सैल फूटपट्टी वापरावी अशी अपेक्षा ठेवून जो काम करतो तो हमखास अडकतो.

अडकण्याची कारणं या पद्धतीच्या घडणीतच आहेत. पहिली भेट तासाभराची, हिस्ट्री अगदी लहानपणापासूनची, रिपोर्टमध्ये पन्नास-साठ आकडे, सप्लिमेंट आठ-दहा आणि रुग्णाचे आधीचे दोन-तीन डॉक्टर वेगळेच. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी निरुपद्रवी वाटते. घोळ होतो तो बेरजेत, आणि ती बेरीज करायची जबाबदारी कुणाची हे कुणी ठरवलेलं नसतं. ती तुमची आहे, असं धरून पुढचं वाचा.

प्रमाणपत्राला परवाना समजणं

अमेरिकेत १९९१ मध्ये इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन सुरू झाली आणि तिथून हे नाव जगभर पसरलं. तिचा किंवा आणखी कुणाचा कोर्स केला की प्रमाणपत्र मिळतं. ते शिक्षणाचा पुरावा आहे, प्रॅक्टिसची परवानगी नाही. अमेरिकेत स्पेशालिटींना मान्यता देणाऱ्या एबीएमएसच्या २४ मंडळांत फंक्शनल मेडिसिनचं मंडळ नाही. तुमच्या परिषदेच्या नोंदवहीत जी पदवी आहे तीच पाटीवर, लेटरहेडवर आणि वेबसाइटवर आधी लिहा. त्याखाली ‘फंक्शनल मेडिसिनचं प्रशिक्षण घेतलेलं आहे’ एवढं पुरे. ‘तज्ज्ञ’ हा शब्द नोंदणीतल्या विषयापुरताच ठेवा.

इंडेम्निटी विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांपासून संरक्षण देणारा) घेताना ‘जनरल प्रॅक्टिस’ लिहून मोकळं होणं हीदेखील याच जातीची चूक. विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या: हॉर्मोन लिहून देणं, शिरेतून जीवनसत्त्वं देणं, ऑनलाइन सल्ला, दुसऱ्या देशातला रुग्ण, क्लिनिकमधून होणारी सप्लिमेंटची विक्री, हेल्थ कोचने दिलेला सल्ला. यातला प्रत्येक मुद्दा स्वतंत्रपणे विचारायचा. पॉलिसी ‘दावा ज्या वर्षी आला त्या वर्षाची’ असेल, तर प्रॅक्टिस बंद केल्यावर किंवा कंपनी बदलल्यावर मागच्या कामासाठीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. हे माहीत नसल्याने अनेकांना निवृत्तीनंतर उघड्यावर पडल्यासारखं होतं.

मूळ कारण शोधण्याच्या नादात निदानच राहून जाणं

ही सगळ्यांत गंभीर चूक. थकवा, पोटफुगी, झोप न लागणं, अंगदुखी अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला ‘आतड्याची गळती’, ‘अॅड्रिनल थकवा’, ‘शरीरात साठलेली विषारी द्रव्यं’ असं काही सांगितलं जातं. लेबल मिळाल्याने रुग्णाला बरं वाटतं, डॉक्टरलाही दिशा सापडल्यासारखं होतं, आणि मग सहा महिने त्या लेबलवर उपचार चालतात.

अॅड्रिनल थकव्याचंच घ्या. २०१६ मध्ये ५८ अभ्यासांची छाननी करून एक आढावा प्रसिद्ध झाला. असा आजार अस्तित्वात आहे याला त्यात आधार सापडला नाही. पण अॅडिसनचा आजार (अॅड्रिनल ग्रंथी निकामी होणं) मात्र खरा आहे आणि तो जीव घेऊ शकतो. थकव्याबरोबर वजन घटतंय, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतोय, मीठ खावंसं वाटतंय, तळहाताच्या रेषा किंवा हिरड्या काळवंडल्यात, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त आहे असं दिसलं, तर दिवसभरात चार वेळा लाळेतलं कॉर्टिसॉल (या ग्रंथीचं हॉर्मोन) मोजत बसू नका. सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसॉल पाहा. गरज वाटल्यास २५० मायक्रोग्रॅम एसीटीएच (ग्रंथीला चेतवणारं हॉर्मोन) देऊन करायची चाचणी करून घ्या. रुग्ण खचलेला, उलट्या करणारा, रक्तदाब पडलेला असेल तर रिपोर्टची वाटही पाहायची नाही, त्याला थेट इमर्जन्सीला पाठवायचं.

पहिल्या भेटीच्या फॉर्मवर, आहार आणि ताणतणावाच्या प्रश्नांच्याही वर, एक छोटी चौकट छापून घ्या: कारण नसताना घटलेलं वजन, शौचातून रक्त, गिळताना अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया, रात्रीचा ताप किंवा घाम, चालताना छातीत दुखणं, हातापायातली नवी कमजोरी, आत्महत्येचे विचार. प्रत्येकापुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’. एकही ‘आहे’ निघालं तर आधी त्याचा तपास, प्रोटोकॉल नंतर. प्रौढ पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) कमी आढळलं आणि फक्त लोहाच्या गोळ्या देऊन ‘शोषण सुधारण्यावर’ काम सुरू झालं, असं घडता कामा नये. तिथे आतड्यातून रक्त जातंय का हे आधी पाहावंच लागतं.

ग्लुटेनच्या (गव्हातल्या प्रथिनाच्या) बाबतीत क्रम चुकतो. आधी गहू बंद केला जातो, रुग्णाला बरं वाटतं, आणि मग कुणाला तरी सीलिअॅकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची) तपासणी आठवते. तोवर अँटिबॉडी खाली आलेल्या असतात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. ग्लुटेन चालू असतानाच टीटीजी-आयजीए (या आजाराची अँटिबॉडी) आणि सोबत एकूण आयजीए पाहा. एकूण आयजीएच कमी असेल तर पहिल्या चाचणीला अर्थ राहत नाही. गहू आधीच बंद असेल तर तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त वेळच्या जेवणात ग्लुटेन असावं लागतं. रुग्ण याला सहसा तयार होत नाही. म्हणूनच क्रम सांभाळायचा.

साठ आकड्यांचं पॅनेल आणि लाल अक्षरांची भीती

बहुतेक चाचण्यांची नॉर्मल रेंज निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसातही एक चाचणी ‘अॅबनॉर्मल’ येण्याची शक्यता ५ टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर किमान एक लाल आकडा येण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. ६० केल्या तर ९५ टक्क्यांवर. प्रत्यक्षात चाचण्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा हलतो, पण मोठं पॅनेल जवळजवळ नेहमीच काहीतरी ‘सापडवतं’. त्यात ‘ऑप्टिमल रेंज’ म्हणून लॅबने छापलेली आणखी अरुंद चौकट वापरली, की निरोगी माणूस उरतच नाही.

यावरचा उपाय एका ओळीचा आहे आणि तो चाचणी लिहिण्याच्या वेळीच करायचा असतो. प्रत्येक चाचणीपुढे लिहा: ‘वाढली तर काय करणार, नॉर्मल आली तर काय करणार.’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती चाचणी खोडा.

काही चाचण्या तर मागवूच नयेत. अन्नाविरुद्धच्या आयजीजी अँटिबॉडींचं पॅनेल ही त्यातली सगळ्यांत खपणारी. ते अन्न शरीराच्या परिचयाचं आहे, एवढंच ती दाखवते. युरोपातल्या अॅलर्जी आणि इम्युनॉलॉजी अकादमीने २००८ मध्येच ही चाचणी निदानासाठी वापरू नये असं स्पष्ट केलं. तरी तिच्या आधारावर मुलांचं दूध, अंडी, गहू, कडधान्यं एकदम बंद होतात आणि तीन महिन्यांनी वाढीचा आलेख खाली झुकतो. एखादा पदार्थ वगळून पाहायचाच असेल तर दोन ते चार आठवडे, एका वेळी एकच गट, आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख पहिल्याच दिवशी कागदावर.

दुसरी म्हणजे कीलेटर (धातूंना बांधून बाहेर काढणारं औषध) देऊन लघवीतले जड धातू मोजणं. कीलेटर दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढतातच, आणि मग त्या आकड्याची तुलना कीलेटर न घेतलेल्या लोकांच्या रेंजशी केली जाते. अमेरिकेतल्या मेडिकल टॉक्सिकॉलॉजी कॉलेजने (विषबाधेच्या तज्ज्ञांच्या संघटनेने) या पद्धतीला वैज्ञानिक आधार नाही अशी भूमिका घेतली आहे. शिशाचा संशय असेल तर शिरेतून घेतलेल्या रक्तातलं शिसं पाहा आणि ते कुठून येतंय हे शोधा.

आता बायोटिन. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या एका कॅप्सूलमध्ये ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे शेकडो पट कमी. अनेक लॅबच्या यंत्रांत बायोटिन आणि स्ट्रेप्टअॅव्हिडिनची जोडी वापरतात, आणि रक्तातलं जादा बायोटिन तिथे ढवळाढवळ करतं. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटी कमी येते, फ्री टी-४ खोटं जास्त, टीएसएच रिसेप्टरच्या अँटिबॉडीही खोट्या पॉझिटिव्ह. कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्जचा आजार (थायरॉइड अतिसक्रिय होणं), माणूस मात्र ठणठणीत. त्याहून वाईट म्हणजे ट्रोपोनिन (हृदयविकाराचा झटका ओळखण्याची चाचणी) खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने २०१७ मध्ये याबद्दल सावधानतेचा इशारा दिला तेव्हा अशा चुकीच्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूचाही त्यात उल्लेख होता. थायरॉइड किंवा हॉर्मोनच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, डोस फार मोठा असेल तर आणखी जास्त दिवस. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘बायोटिन: घेतो किंवा नाही, शेवटचा डोस कधी’ हे लिहून पाठवा.

डोसची बेरीज न करणं

रुग्णाला सांगा, घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, पावडरचे डबे पिशवीत भरून घेऊन या. तोंडी यादीवर विसंबू नका. मग टेबलावर बाटल्या मांडून, लेबलवरचा प्रत्येक घटक एका तक्त्यात उतरवा. बाटली आडवी, घटक उभा, शेवटच्या रकान्यात बेरीज.

हे करताना काय दिसतं ते एका उदाहरणाने पाहू. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-६ १० मिलिग्रॅम. मॅग्नेशियमच्या गोळीत ‘शोषणासाठी’ २५. ताणावरच्या फॉर्म्युल्यात ५०. झोपेच्या पावडरीत आणखी २०. चार बाटल्या, चार वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि बेरीज १०५ मिलिग्रॅम रोज. अमेरिकेने प्रौढांसाठी ठरवलेली वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. काही महिन्यांनी रुग्ण सांगतो, पायांना मुंग्या येतात, चपलेचा स्पर्श नीट कळत नाही. डॉक्टरला वाटतं बी-१२ कमी असावं, म्हणून बी-कॉम्प्लेक्स वाढवतो, आणि त्या गोळीतही बी-६ असतं. विषबाधेवर विषच दिलं जातं. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असं काही सुरू झालं की पहिली कृती म्हणजे हा तक्ता पुन्हा काढणं.

जस्ताचं असंच. रोज ५० मिलिग्रॅम जस्त काही महिने चाललं की आतड्यातून तांब्याचं शोषण अडतं. हिमोग्लोबिन घसरतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, पुढे मज्जारज्जूवर परिणाम होऊन चाल बिघडते. चित्र पुन्हा बी-१२च्या कमतरतेसारखंच. अमेरिकेतली वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम आहे, आणि तीसुद्धा अन्नातलं धरून. सर्दीसाठी आठवडाभर घेतलेल्या गोळ्या वेगळ्या आणि ‘इम्युनिटीसाठी’ वर्षभर चाललेल्या वेगळ्या. म्हणून प्रत्येक सप्लिमेंटपुढे बंद करण्याची तारीख हवी. ‘चालू ठेवा’ ही सूचना नव्हे.

ड जीवनसत्त्वात एककांचा गोंधळ होतो. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम. रिपोर्ट एका लॅबचा नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरमध्ये, दुसऱ्याचा नॅनोमोल प्रति लीटरमध्ये; पहिल्याला २.५ने गुणलं की दुसरा आकडा मिळतो. ५० नॅनोमोल म्हणजे २० नॅनोग्रॅम. ते ५० नॅनोग्रॅम समजून उपचार थांबवला जातो किंवा उलटं होऊन डोस चढवला जातो. आणखी नेहमीची चूक: ६०,००० आययूची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी रोज घेतली जाणं. तहान, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, मळमळ, गोंधळलेपणा दिसला तर लगेच कॅल्शियम आणि क्रिअॅटिनिन पाहा. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, त्यामुळे गोळी थांबवल्यावरही कॅल्शियम आठवडेच्या आठवडे चढलेलं राहू शकतं. प्रिस्क्रिप्शनवर ‘दर रविवारी एक, एकूण आठ गोळ्या, शेवटची अमुक तारखेला’ असं लिहा. वार लिहिला की चूक बरीच कमी होते.

बाटलीवर लिहिलंय तेवढंच आत आहे असंही धरू नका. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रव सप्लिमेंटमध्ये लेबलवरच्या सुमारे २०० पट सेलेनियम निघालं आणि २०१ लोकांना बाधा झाली: केस गळणं, नखं ठिसूळ होणं, जुलाब, सांधेदुखी. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळ्यांत सेलेनियम असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नोंदवून ठेवा. काही बिघडलं तर शोधायला तोच धागा हाती असतो, आणि औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या यंत्रणेला कळवतानाही तो लागतो.

औषधांशी होणाऱ्या टकरी पाठच करून ठेवाव्यात. सेंट जॉन्स वर्ट यकृतातली एन्झाइमं वाढवतं आणि गर्भनिरोधक गोळी, सायक्लोस्पोरिन, वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध), एचआयव्हीची औषधं निष्प्रभ करतं. नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्यांसोबत सेरोटोनिन सिंड्रोमचा (शरीरात सेरोटोनिन घातक पातळीला जाण्याचा) धोका. जेष्ठमध जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम पडतं, रक्तदाब चढतो. रेड यीस्ट राइसमधला मोनॅकोलिन-के म्हणजे लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषधच. स्टॅटिन चालू असलेल्या रुग्णाला तो ‘नैसर्गिक’ म्हणून दिला तर डोस दुप्पट झाला. वॉरफरिनवरच्या माणसाला के-२ असलेली हाडांची गोळी देऊ नका. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनपासून चार तास दूर. हळद आणि अश्वगंधेच्या अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. काळ्या मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलबद्दल जास्तच जपावं. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं तर सगळ्या गोळ्या बंद करून त्याच दिवशी यकृताच्या तपासण्या.

दुसऱ्या डॉक्टरांची औषधं परस्पर कमी करणं

रुग्ण सांगतो, मला गोळ्यांतून सुटायचंय. इच्छा रास्त आहे, आणि आहार बदलल्यावर डोस कमी करावा लागतो हेही खरं. पण ज्या डॉक्टरने औषध सुरू केलं त्याला न कळवता ते थांबवणं, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘आता याची गरज नाही’ असं ओझरतं बोलून निर्णय रुग्णावर सोडणं, यात जीव जातात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) एकदम थांबवायचं नाही. बीटा ब्लॉकर एकदम नाही. अपस्माराची औषधं नाहीत. रक्त पातळ करणारी नाहीत. आणि टाइप १ मधुमेहात इन्सुलिन कधीच नाही.

कमी कर्बोदकांचा आहार सुरू करताना तर औषधांचा बदल आधी ठरवावा लागतो, आहार नंतर. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असताना कर्बोदकं अचानक घटली की साखर पडते. एसजीएलटी-२ गटातली मधुमेहाची औषधं चालू असतील तर रक्तात आम्ल साचून कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, आणि फसवं असं की तेव्हा साखर २५० मिलिग्रॅमच्या खाली, कधी जवळजवळ नॉर्मलही असते. मळमळ, पोटदुखी, धाप हे ‘शरीर आहाराला सरावतंय’ म्हणून सोडून दिलं जातं. अशा रुग्णाचे रक्तातले कीटोन मोजा. ग्लुकोमीटरवर विसंबू नका. कडक आहारापूर्वी हे औषध थांबवण्याबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरशी बोला आणि ठरलेलं लेखी घ्या.

त्यांना पाठवायचं पत्र चार ओळींचं असावं. मी काय सुचवतोय, कोणत्या तारखेपासून, त्यामुळे तुमच्या कोणत्या औषधावर परिणाम होईल, आणि मी काय, किती दिवसांनी तपासणार आहे. रुग्णाने ‘त्यांना कळवू नका’ असं सांगितलं तर ती इच्छा नोंदवा, त्यातला धोका समजावल्याचंही नोंदवा. आणि न कळवता उपचार सुरक्षित राहणार नसेल तर तो सुरू करू नका.

हॉर्मोन

थायरॉइडचे आकडे नॉर्मल असताना फक्त लक्षणांवरून हॉर्मोन देणं, हे परिषदांपुढे पुन्हा पुन्हा येणारं प्रकरण. प्राण्यांच्या थायरॉइडपासून केलेल्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असतं, म्हणजे प्रमाण जवळपास ४:१. माणसाची ग्रंथी सुमारे १४:१ या प्रमाणात सोडते. गोळी घेतल्यावर काही तास टी-३ उसळतं, रुग्णाला तरतरी येते, टीएसएच मात्र दबून जाते. आणि दबलेली टीएसएच वर्षभर राहिली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं झिजतात. सुरुवातीआधी ईसीजी, डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. ती दबलेली दिसली की डोस कमी, रुग्ण कितीही खूश असला तरी.

गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन द्यायचं तर पुरेसं प्रोजेस्टोजेन सोबत हवंच. त्वचेवर लावायच्या प्रोजेस्टेरॉन क्रीमने गर्भाशयाच्या अस्तराचं संरक्षण होतं असं धरता येत नाही. पाळी थांबल्यानंतर रक्तस्राव झाला तर तो ‘हॉर्मोन जुळवून घेत आहेत’ म्हणून पुढे ढकलू नका, अस्तराची तपासणी करा. फार्मसीत मिसळून बनवलेल्या ‘बायोआयडेंटिकल’ हॉर्मोनबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०२० च्या अहवालात त्यांचा वापर मर्यादित ठेवायला सांगितलं. मान्यताप्राप्त स्वरूपात तेच हॉर्मोन मिळत असेल तर मिसळलेलं का दिलं, याचं उत्तर केसपेपरवर असायला हवं.

ड्रिप: सलाईन लावणं म्हणजे प्रक्रिया करणं

२००३ ते २००५ या काळात अमेरिकेत कीलेशननंतर कॅल्शियम पडून हृदय थांबल्याने तिघांचा मृत्यू झाला. त्यातली दोन मुलं होती. तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००६ मध्ये हे प्रसिद्ध केलं. घोटाळा दोन जवळजवळ सारख्या नावांचा होता: डायसोडियम ईडीटीए आणि कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. पहिलं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं. शिशाच्या विषबाधेत वापरतात ते दुसरं. नावं सारखी असलेल्या कुपी एका कप्प्यात ठेवू नका, आणि भरण्यापूर्वी दोघांनी लेबल मोठ्याने वाचायचं. पाच सेकंदांचं काम आहे.

क जीवनसत्त्वाचा मोठा डोस देण्यापूर्वी जी-६-पीडी (लाल पेशींतलं एक एन्झाइम) तपासा. त्याची कमतरता असेल तर लाल पेशी फुटतात. क्रिअॅटिनिन पाहा, मुतखड्याची हिस्ट्री घ्या, कारण ऑक्झलेट मूत्रपिंडात साचतं. ड्रिपनंतर काही तास बरेच ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर रुग्ण बेशुद्ध पडेल; साखर लॅबमधूनच करून घ्या आणि मधुमेही रुग्णाच्या हातात तशी चिठ्ठी द्या.

खोलीत अॅड्रिनलिन असलंच पाहिजे, आणि त्याची मुदत दरमहा पाहणारा माणूस नेमलेला असावा. शिरेतून थायमिन दिल्यावरही अॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अॅलर्जी) होतो. प्रौढाला अॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलीटरच्या कुपीतलं अर्धं मिलिलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला आडवं करून पाय उंच, ऑक्सिजन, अॅम्ब्युलन्स. अँटिहिस्टामिनने सुरुवात करण्यात वेळ जातो आणि तीच चूक सर्वाधिक होते.

सहीचा फॉर्म म्हणजे संमती नव्हे

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मॉन्टगोमेरी खटल्यात सांगितलं, की समोरच्या रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो आणि उपलब्ध असलेले वाजवी पर्याय त्याला सांगितलेच पाहिजेत. इतर डॉक्टर काय सांगतात ही कसोटी मागे पडली. या विषयात हे दुप्पट लागू होतं, कारण इथले कित्येक उपचार सिद्ध झालेले नसतात. तसं स्पष्ट शब्दांत सांगा: ‘यावर चांगला अभ्यास झालेला नाही, काही रुग्णांना फरक पडला आहे, नेहमीचा उपचार हा असा आहे आणि त्याचा पुरावा जास्त भक्कम आहे, काहीच न करणं हाही पर्याय आहे.’ नंतर रुग्णालाच विचारा, तुम्ही घरी जाऊन हे कसं सांगाल? तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. छापील फॉर्मवरच्या सहीपेक्षा ती एक ओळ जास्त काही सांगते.

क्लिनिकमधून सप्लिमेंट विकत असाल किंवा लॅबशी आर्थिक संबंध असेल तर ते रुग्णाने विचारायच्या आधी सांगायचं. लॅबकडून रेफरल कमिशन घेऊ नका. त्याला ‘सल्ला शुल्क’ म्हटल्याने तो प्रकार बदलत नाही. प्रिस्क्रिप्शनवर ब्रँडऐवजी घटक आणि मात्रा लिहा, म्हणजे रुग्ण कुठूनही घेऊ शकेल. महिन्याचा संच एकदम गळ्यात मारू नका. वेबसाइटवरून ‘मुळापासून बरा करतो’, ‘औषधमुक्ती’, रुग्णांचे आधी-नंतरचे फोटो काढून टाका. थायरॉइड, मधुमेह आणि स्वमग्नतेबद्दलची विधानं तर सर्वांत आधी तपासा.

ऑनलाइन सल्ला आणि हेल्थ कोच

ऑनलाइन भेटीत रुग्ण ज्या जागी बसला आहे तिथला कायदा लागू होतो असं धरा, तुमची नोंदणी कुठेही असली तरी. म्हणून पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा ‘आत्ता तुम्ही कुठे आहात’ हा, आणि तिसरा जवळच्या इस्पितळाचा. पोटदुखी, छातीत दुखणं, गाठ, नवीन कमजोरी अशा तक्रारी स्क्रीनवरून निकालात काढू नका.

कोचने डोस बदलायचा नाही, रिपोर्ट समजावून सांगायचा नाही, औषध थांबवा असं म्हणायचं नाही. हे त्याच्या कामाच्या पत्रात लिहून द्या आणि दर महिन्याला त्याचे पाच-सहा मेसेज स्वतः वाचा. रुग्णाने रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ‘गोळी घेतल्यापासून छातीत धडधडतंय’ ही ओळ सकाळपर्यंत कुणी पाहत नसेल, तर तशी सूचना ऑटोमॅटिक उत्तरात हवी आणि तातडीचा नंबरही.

तक्रारीची नोटीस आल्यावर

त्याच दिवशी विमा कंपनीला किंवा संरक्षण देणाऱ्या संस्थेला कळवा. उशीर झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो. रुग्णाला फोन करून तक्रार मागे घ्यायला सांगू नका, दुसऱ्या कुणाकरवीही नको. रुग्णाला इजा झाली असेल तर काय झालं, आता काय करायला हवं आणि वाईट वाटल्याचं मोकळेपणाने सांगा; मात्र लेखी उत्तर सल्लागाराला दाखवूनच पाठवा. सगळी कागदपत्रं एकत्र करा: केसपेपर, लॅबचे मूळ रिपोर्ट, मेसेज, बिलं, बॅच क्रमांक, बाटल्यांचा तो तक्ता.

केसपेपरला हात लावायचा नाही. काही राहून गेलं असेल तर नवीन नोंद करा, आजच्या तारखेने आणि आजच्या वेळेने. वर ‘मागाहून केलेली नोंद’ असं लिहा, ती कोणत्या भेटीबद्दल आहे ते सांगा, आणि त्यातलं काय आठवणीतून लिहिलं आहे व काय मेसेजवरून, हे वेगळं दाखवा. संगणकावरच्या प्रणालीत बदलाची वेळ आणि बदल करणाऱ्याचं नाव सहसा आपोआप नोंदलं जातं, आणि चौकशीत ती यादी मागवता येते. कागदी केसपेपरवर चूक दुरुस्त करायची तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही आणि तारीख.